तोमासाच्या अंगणातली खुर्ची

फिदेलियाच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत लव नाही. तोतोपो भाजणाऱ्या कुठल्याच बाईच्या हातावर ती राहत नाही. आमची भट्टी म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण. त्याच्या तळाशी निखारे फुललेले असतात, आणि तोतोपो, म्हणजे मक्याची पातळ, भोकं पाडलेली भाकरी, आत हात घालून रांजणाच्या भिंतीला थापायची असते. फिदेलिया लहान होती तेव्हा तिच्या आईनं मनगट धरून तिचा हात पहिल्यांदा आत घातला. ती रडली, पण भाकरी चिकटली. आई म्हणाली, "रडून झालं असेल तर दुसरी घे." ही गोष्ट फिदेलिया आजही तक्रार म्हणून सांगते आणि आमच्या नातींच्या बाबतीत स्वतः तेच करते.

ती माझी बायको. तिच्याबद्दल लिहायला बसलोय खरा, पण लिहिण्याची मला सवय नाही, आणि बोलणं तर तिच्या वाट्याचं. हुचितानच्या कोळ्यांच्या वस्तीत आमचं घर आहे. मी खाजणात जाळं टाकायचो, किनाऱ्यावर मासळी तिच्या टोपलीत ओतायचो, तिथं माझं काम संपायचं. पुढचा बाजार तिचा. भांडायला जायचं असलं तरी तीच जायची. एकदा होडीच्या सुतारानं मला किडकी फळी गळ्यात मारली. मी घरी येऊन गप्प बसलो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, घागरा सावरला आणि निघाली. थोड्या वेळानं चांगली फळी आली, आणि ती सुतार स्वतःच्या खांद्यावरून घेऊन आला.

गल्लीत कुणाची मुलगी पळून गेली तर दोन्ही घरं बोलणी करायला तिलाच बोलावतात. बाजारात आईची जागा कुठल्या मुलीला मिळायची, रुसून गेलेली सून परत कशी आणायची, हेही तिच्याकडेच येतं. अशा वेळी आम्ही पुरुष भिंतीला टेकून उभे असतो आणि ती काय म्हणते याची वाट बघतो. पण हे वजन तिला फुकट मिळालेलं नाही. ते तिनं दुसऱ्यांच्या चुलींपुढे बसून मिळवलंय.

आमच्या गल्लीत कुणाकडे लग्न असो, मयत असो, किंवा वेला असो, म्हणजे मे महिन्यातला रात्रभर चालणारा मोठा उत्सव, आसपासच्या बायका कामाला जातात. बोलावणं कुणी करत नाही. अंगणात हंडे चुलीवर चढले की यजमानीण दारूचा एक बाण आकाशात सोडायला लावते. बाण फुटायच्या आत जी येऊन जमिनीवर बसली ती घरची. बाण फुटल्यावर जी आली ती पाहुणी. घरचीला धूर, कांदे आणि शिव्या मिळतात. पाहुणीला खुर्ची, भरलेली बशी आणि थंड बियर मिळते. आमच्या बायका कशालाच घाबरत नाहीत, पण त्या खुर्चीला घाबरतात.

तोमासा ही फिदेलियाची कोमाद्रे. तोमासाच्या मुलीला, नोएमीला, बाप्तिस्म्याच्या वेळी फिदेलियानं हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघींचं हे नातं. सख्ख्या बहिणींपेक्षा घट्ट, म्हणजे भांडण रोजचं. तोमासा अंगानं दांडगी, आवाज पार नदीपर्यंत जाणारा. मोठ्या भूकंपात आमचं छप्पर खाली आलं आणि फिदेलियाचा रांजण फुटला. तोमासाच्या घराची एक भिंत पडली होती. तिनं भिंतीकडे न बघता कुठून तरी एक रांजण मिळवला आणि डोक्यावर घेऊन आमच्या ढिगाऱ्यात आली. "घर नंतर बांध," म्हणाली. "आधी भाकरी थाप, मला भूक लागलीय."

यंदा वेलाचं यजमानपण तोमासाकडे आलं होतं. ते बाईच्या आयुष्यात एकदा येतं, आलं तर. कोळंबी भरलेले मक्याचे गोळे भाजायचं काम फिदेलियाचं, हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. वस्तीत तो हात दुसऱ्या कुणाला नाही. फिदेलिया महिनाभर आधीपासून वाळलेली कोळंबी निवडत होती आणि मला तेच तेच सांगत होती.

"बाण फुटायच्या आधी मी तिच्या भट्टीपाशी नसले ना सोस्तेनेस, तर संपलंच. मग तिनं माझ्या मयताला यावं, तेही मागच्या रांगेत उभं राहावं."

"असशील की. घर तर पलीकडच्या गल्लीत आहे."

"तू गप्प बस. तुला काय कळतं यातलं?"

आणि नेमकी वेलाच्याच आठवड्यात रेनाता आली.

ही राजधानीतली पोर. नोएमी तिथं शिकते, तिची मैत्रीण. आमच्या लोकांत बायकांचं किती चालतं, यावर तिला माहितीपट काढायचा होता. बरोबर ओमार नावाचा उंच, घामेजलेला कॅमेरावाला. पोर वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. आली तेव्हा सगळ्यांना वाकून नमस्कार केला, वाढलं ते सगळं खाल्लं, आणि तिखट लागलं तरी डोळे पुसत मागून घेतलं. ती आधी तोमासाकडे गेली होती. तोमासाचे दोन्ही हात चुन्याच्या पाण्यातल्या मक्यात. तिनं मान न वळवता सांगितलं, "माझ्या कोमाद्रेकडे जा. तिला बोलायला आवडतं."

झालं. तोमासानं माशी हाकलावी तशी हाकलली असेल. फिदेलियाच्या लेखी मात्र कोमाद्रेनं ऐन कामाच्या आठवड्यात आपल्या घरची पाहुणी विश्वासानं तिच्या हवाली केली होती.

पहिल्या सकाळी रेनाता म्हणाली, "ना फिदेलिया, तुम्ही रोज करता तसंच सगळं करा. आम्ही इथं नाहीच असं समजा." आमच्याकडे वयस्क बाईला ना म्हणतात आणि पुरुषाला ता, हे ती गाडीतच शिकून आली होती.

मग ती म्हणाली, फक्त तो प्लास्टिकचा निळा टब बाजूला घ्या. मग पत्रा बाजूला घ्यायला लावला, मग गॅसची टाकी, मग मला.

मी लाकडं फोडत होतो. लाकडांशिवाय भट्टी कशी पेटणार, हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही. लिंबाच्या झाडामागे जाऊन उभा राहिलो. तिथून ऐकू आलं. ओमारला ती सांगत होती, "आजोबा काम करताना दिसले तर बघणाऱ्यांचा गोंधळ होईल."

दुपारी तिचं मत बदललं. "ता सोस्तेनेस, तुम्ही झुल्यात पडून राहाल का? म्हणजे पुढे त्या भाजतायत आणि मागे तुम्ही झोपलाय."

"मी दिवसा झोपत नाही, पोरी."

"नुसतं दाखवायला."

मी पडलो. डोळे मिटले. समोरच्या घरातली ना एल्विरा कुंपणाशी येऊन थांबली. "काय ग फिदेलिया, गेला का म्हातारा?"

"नाही ग, सिनेमात काम करतोय."

"झोपेचं? मग माझा नवरा देते ना. तो सरावातला आहे."

असे आमचे दिवस चालले. फिदेलियानं एकच भाकरी इतक्या वेळा थापली की तिचा खाकरा झाला. डोक्यावर टोपली घेऊन ती बाजाराच्या उलट्या दिशेनं चालत गेली, कारण खऱ्या दिशेला विजेच्या तारा फार होत्या. रस्त्यात बायका विचारत होत्या, "ग, बाजार इकडे कधी आला?" आणि ती दात आवळून म्हणत होती, "आजपासून."

मग मुलाखत. फिदेलियाला स्पॅनिश उत्तम येतं, त्यात ती ट्रकवाल्यांना घाम फोडते. पण कॅमेऱ्यापुढे तिनं ठरवलं की बोलेन तर आपल्या भाषेत, आणि दुभाष्या मी.

रेनातानं विचारलं, "इथं बायकांची सत्ता आहे असं सगळे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

फिदेलिया म्हणाली, "सत्ता? माझी डुकरीण माझं ऐकत नाही. काल अर्धं पीठ खाऊन गेली. सत्ता असती तर मी भर उन्हात यांच्या आरशाचा उजेड डोळ्यांत घेऊन इथं बसले असते का? आणि या लांबड्याला सांग, माझ्या मिरच्यांवर उभा राहू नकोस."

मी रेनाताला सांगितलं, "ती म्हणते, बायकांना कामं पुष्कळ असतात."

"पण त्या बराच वेळ बोलत होत्या."

"आमच्या भाषेत वेळ लागतो," मी म्हणालो, आणि ओमारला मिरच्यांवरून हटवलं.

एक गोष्ट मात्र मी जशीच्या तशी सांगितली, आणि रोज सांगितली. शुक्रवारी सकाळी फिदेलियाला तोमासाकडे जायचंय, बाण फुटायच्या आधी पोचायचंय. रेनाता दर वेळी मान हलवायची. "हो हो, आम्हालाही तेच हवंय. तोच तर शेवट आहे."

रात्री जेवताना मी म्हटलं, "तिला नाही म्हण ना. तू कुणालाही नाही म्हणू शकतेस."

"हिला कशी म्हणू? तोमासानं धाडलीय. हिला घालवली तर तोमासाच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल." तिनं चमचा आपटला. "ही पोर माझ्या घरात आहे तोवर मी तोमासाचंच काम करतेय. तिला ते कळत असेल."

तोमासाला काय कळत होतं ते मला बाजारात ऐकू आलं होतं. तोमासा म्हणाली होती, माझी कोमाद्रे आता नटी झालीय. मी ते घरी सांगितलं नाही. आधीच घरात बसायला जागा नव्हती, सगळीकडे वायरी.

शुक्रवारी फिदेलिया पहाटेच उठली. जुनं सुती पोलकं घातलं, केस बांधले, निवडलेली कोळंबी घमेल्यात भरली, वर ओलं फडकं टाकलं आणि दार उघडलं. दारात रेनाता.

"फक्त एक दृश्य, ना फिदेलिया. तुम्ही घरातून निघता, कोमाद्रेच्या घरी. पण या पोलक्यात नको. ते काळं मखमली घाला ना. फुलांचं."

"ते संध्याकाळी घालायचं असतं. आत्ता मला चुलीशी बसायचंय."

"दहा मिनिटं. लगेच बदला."

"ही दहा मिनिटं तुमच्या गावची की आमच्या?"

रेनाता हसली. तिला वाटलं होकार मिळाला. आणि खरं सांगायचं तर मिळालाच, कारण फिदेलियानं कपाळावर हात मारला, 'तोमासासाठी,' असं पुटपुटली आणि आत गेली. ते मखमली पोलकं तिनं स्वतः भरलंय. लाल आणि पिवळी फुलं इतकी दाट की खालचा काळा रंग शोधावा लागतो. ती ते घालून, चेहऱ्याभोवती पांढऱ्या लेसची झालर लावून, गळ्यात आईचे सोन्याचे दागिने घालून बाहेर आली तेव्हा मी घमेलं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ती सुंदर दिसत होती. सकाळी त्या वेळी ते फार भयंकर दिसत होतं.

पहिल्यांदा ती दारातून निघाली आणि मधूनच तीनचाकी रिक्षा गेली. दुसऱ्यांदा कोपऱ्यावरचा ध्वनिक्षेपक सुरू झाला. कुणाच्या तरी घरी डुक्कर कापलं होतं, ताजं मटण आहे, लवकर या, काळीज संपत आलंय. काळीज संपेपर्यंत आम्ही थांबलो. तिसऱ्यांदा सगळं जमलं, पण डुकरीण तिच्या मागोमाग निघाली. मग सगळं खरंच जमलं, फिदेलिया कोपऱ्यापर्यंत गेली, आणि ओमार म्हणाला की कॅमेरा चालू नव्हता.

"आता चल!" फिदेलिया मला म्हणाली.

"एकदाच," रेनाता हात जोडून म्हणाली. "आणि या वेळी जरा हसत."

फिदेलिया परत दारात गेली. ती वळली, आणि हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून सूं करून आवाज वर गेला आणि आकाशात धडाड फुटला. गल्लीतली सगळी कुत्री भुंकली.

"वा, आवाज मस्त आला," ओमार म्हणाला.

फिदेलिया दारातच होती. मी तिचा असा चेहरा तिच्या आईच्या मयतालाही पाहिला नव्हता. तेव्हा निदान रडायची सोय होती.

"कपडे बदल," मी म्हणालो.

"आता बदलून काय करू? जितका उशीर तितकी मोठी खुर्ची." आणि ती निघाली. मखमल, सोनं, लेसची झालर, आणि खाली अनवाणी पाय, कारण चपला कुठं राहिल्या ते तिला आठवेना. मी मागून कोळंबीचं घमेलं घेऊन. आमच्या मागे रेनाता आणि ओमार धावत. "हेच, हेच!" रेनाता म्हणत होती. "हे बघ कसं चालतायत!"

तोमासाचं अंगण भरलं होतं. चुली पेटल्या होत्या, हंड्यांतून वाफ येत होती, बायका चटयांवर बसून लसूण सोलत होत्या. एक एक करून सगळ्यांनी वर पाहिलं.

तोमासानं हंड्यातला डाव काढला, हात घागऱ्याला पुसले आणि पुढे आली.

"या, कोमाद्रे," ती म्हणाली. "बसा."

इतक्या वर्षांत तिनं फिदेलियाला अगं, मेले, आंधळे, सगळं म्हटलं होतं. अहो-जाहो कधी केलं नव्हतं. कुणीतरी आतून खुर्ची आणली. लोखंडी, घडीची, नवी. फिदेलिया तिच्यावर बसली. दुसऱ्याच्या घरी दिलेली खुर्ची नाकारता येत नाही. तिच्या मांडीवर भरलेली बशी आली, हातात बियर आली. घमेलं मात्र माझ्या हातून कुणी घेतलं नाही.

रेनाता माझ्या कानाशी कुजबुजली, "किती मान आहे ना त्यांना! बाकी सगळ्या जमिनीवर, आणि एकट्या त्या खुर्चीवर."

मी घमेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

भट्टीपाशी तोमासाची पुतणी बसली होती. चेहरा लांब ठेवून, हात जेमतेम आत घालून गोळे चिकटवत होती. एक गोळा सुटला आणि निखाऱ्यात पडला. फिदेलियाचं नाक हललं.

"करपला," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

"पाहुण्यांनी काळजी करू नये," तोमासा हंड्यापाशी पाठ करून म्हणाली. "बियर गरम होतेय तुमची."

दुसरा गोळा पडला. अंगणभर जळक्या मक्याचा वास सुटला. पुतणी रडकुंडीला आली. फिदेलिया बशीकडे बघत होती, बशीतला रस्सा निवत होता, आणि मी मनात म्हणत होतो, ऊठ, बाई, ऊठ. मग तिसरा पडला.

ती उठली. वळून रेनाताचे दोन्ही खांदे धरले आणि तिला खुर्चीवर दाबून बसवलं. बशी तिच्या मांडीवर ठेवली, बियर तिच्या हातात दिली. "बस. खा. पाहुणी तू आहेस," हे तिनं स्वच्छ स्पॅनिशमध्ये सांगितलं. डोक्यावरची लेसची झालर ओढून काढून माझ्या घमेल्यावर टाकली. मग पुतणीला कोपरानं बाजूला सारून मखमलीसकट भट्टीपुढे गुडघे टेकले, पिठाचा गोळा घेतला आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

"अगं! अगं ए!" तोमासाचा आवाज नदीपर्यंत गेला असेल. "मखमल! मखमल जळेल, आंधळे! वेड लागलंय का तुला?"

"जळू दे!"

"जळू दे काय जळू दे? डोळे फोडून भरलंयस ते! बाजूला हो!"

"नाही होत. तुझे गोळे राखेत चाललेत आणि तू मला बियर पाजतेस?"

"मग कुणी सांगितलं होतं नटून यायला? सकाळी सकाळी नवरी होऊन आलीस! आठवडाभर तोंड दाखवलं नाहीस, लोकांना काय सांगू मी?"

"तूच पाठवलीस ना ती पोर माझ्याकडे!"

"टळावी म्हणून पाठवली! दत्तक घे म्हणून नाही!"

"मग तसं सांगायचं होतंस!"

"हे सांगावं लागतं? तू कधीपासून इतकी सालस झालीस? अख्ख्या हुचितानला शिव्या देतेस आणि एक पोर हाकलता आली नाही?"

"तुझी पाहुणी होती, म्हणून!"

तोमासा थांबली. तिच्या हातातल्या डावातून रस्सा पायावर गळत होता. मग तिनं डाव टाकला, फिदेलियाच्या काखेत हात घातला आणि तिला उभी केली. "चल आत. खिळ्याला माझं पोलकं आहे. ते घाल. घाणेरडं आहे, पण आहे."

दोघी आत गेल्या. आतून आवाज येत राहिले, कुणाचं कुठलं वाक्य ते कळत नव्हतं. अंगणातल्या बायकांनी पुन्हा लसूण हातात घेतला. एकीनं उठून माझ्या हातातलं घमेलं घेतलं आणि म्हणाली, "ता सोस्तेनेस, तुम्ही तिकडे मांडव बांधायला जा. इथं तुमचं काय काम?" इतकं बरं मला कुठल्याच हुकुमानं वाटलं नव्हतं.

रेनाता बशी घेऊन खुर्चीवर तशीच होती. "त्या आत का गेल्या? त्यांना विचाराल का, ते ओरडणं पुन्हा एकदा करतील का? इथं बाहेर, उजेडात? ओमारच्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं होतं."

"नाही," मी म्हणालो. ते कुणाचं भाषांतर नव्हतं.

फिदेलिया बाहेर आली ती तोमासाच्या पोलक्यात. ते तिला दोन्ही बाजूंनी मोठं होत होतं आणि पोटावर लाल रश्शाचा डाग होता. ती भट्टीपाशी बसली आणि दुपारपर्यंत उठली नाही. तोमासा अधूनमधून येऊन तिला मीठ कमी पडलं म्हणून, धूर फार होतो म्हणून, उगाचच, शिव्या देऊन जात होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पावसाळ्यानंतर रेनाता माहितीपट घेऊन आली. शाळेच्या पटांगणात पांढरी चादर बांधली, सगळी वस्ती बसली. मी झुल्यात झोपलेला दिसलो तेव्हा लोक फार हसले. ते ठीक आहे. पण शेवटी तोमासाचं अंगण आलं. फिदेलिया मखमलीत खुर्चीवर, मांडीवर बशी, आजूबाजूला सगळ्या जमिनीवर, आणि एक गोड आवाज सांगतोय की या समाजात बाईला केवढा मान आहे. मग संगीत, आणि काळोख.

पटांगणात कुणी टाळी वाजवली नाही. तोमासा उठून उभी राहिली.

"पुढचं कुठंय?"

"एवढंच आहे, ना तोमासा," रेनाता म्हणाली.

"एवढंच? म्हणजे मी माझ्या कोमाद्रेला खुर्चीवर बसवलं आणि तिथंच सोडलं? हे तू गावोगाव दाखवणार? माझं पोलकं कुठंय? भट्टी कुठंय? मी दिलेल्या शिव्या कुठंयत?"

"कार्ड भरलं होतं," ओमार मागून म्हणाला.

"मग परत काढा! मी उद्या हंडे चढवते. बाण आहे घरात एक."

"मी परत मखमल घालणार नाही," फिदेलिया माझ्या शेजारून म्हणाली.

"तू गप्प बस, तुझ्यासाठीच चाललंय!"

रेनातानं हात जोडले, समजावलं, पैसे संपलेत म्हणाली, माहितीपट पुढे पाठवून झालाय म्हणाली. तोमासा बधली नाही, पण नवं काही निघालंही नाही. आता तो माहितीपट आमच्याकडे कुठंही लागला, शाळेत, चर्चच्या अंगणात, कुणाच्या बारशाला, की तोमासा तिथं हजर असते. खुर्ची दिसली, संगीत वाजलं, की ती चादरीपुढे जाऊन उभी राहते आणि उरलेलं स्वतः सांगते. फिदेलिया बसल्या जागेवरून तिच्या चुका काढते. भट्टी आणखी तापते, आरोळी आणखी मोठी होते, आणि मखमल दर वेळी थोडी जास्त जळते. परवा तर फिदेलिया पेटली होती आणि तोमासानं तिच्यावर बादली ओतली होती.

फिदेलियाला हे सहन होत नाही. तिनंच मला हे लिहायला बसवलंय आणि मागे उभी राहून वाचतेय. तेव्हा लिहितो. जळलं ते एवढंच, उजव्या बाजूच्या एका लाल फुलाची खालची पाकळी. बाकी सगळं तोमासाचं.